पलंग उंच करून खाली जागा काढायचीय? बेड रायझर लावण्याआधी आणि लावताना काय काय बघायचं

छोट्या घरात जागा कमी पडायला लागली की सगळे आधी वर बघतात, माळा करून घेऊ, कपाटावर बॅगा चढवू, आणि पलंगाखालची जागा तशीच पडून राहते, कारण तिथे सहा-सात इंचाची फट असते आणि तिच्यात चपला आणि केर सोडून काही जात नाही. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात ४ बाय ६ चा पलंग टाकला की २४ चौरस फूट गेले, म्हणजे खोलीचा जवळजवळ सातवा हिस्सा एका पलंगाने खाल्ला. चाळीतल्या लोकांनी ही जागा कधी वाया घालवली नाही. उंच लोखंडी पलंग, त्याच्याही पायाखाली विटा, खाली ट्रंका आणि पिंपं, आणि पाहुणे आले की ट्रंका सरकवून एकाची झोपायची सोय पण तिथेच. हल्ली बेड रायझर म्हणून जे मिळतं ते विटांचंच काम करतं, फक्त त्यात पलंगाचा पाय बसायला खाच असते त्यामुळे पाय घसरत नाही. विटेत आणि रायझरमध्ये खरा फरक एवढाच, पण तो फार महत्त्वाचा आहे.

मी हे लिहितोय ते मुख्यतः नव्याने भाड्याच्या घरात राहायला आलेल्यांसाठी, वन आरके किंवा वन बीएचके, लग्नाला एक-दोन वर्षं झालेली, सामान वाढत चाललंय आणि घर तेवढंच आहे. ऑनलाइन सेट मागवायचा, चार पायांखाली सरकवायचा, झालं काम, असं वाटतं खरं, पण पलंग ही घरातली सगळ्यात जास्त वजन पेलणारी वस्तू आहे आणि तिच्यावर आपण रात्रभर बेसावध असतो, म्हणून थोडं मोजून-मापून करा.

आधी बघा, पलंग रायझर लावण्यासारखा आहे का

चार सरळ, सुटे पाय असलेला लाकडी किंवा लोखंडी पलंग असेल तर उत्तम. दिवाण, जुना सागवानी पलंग, पाइपची लोखंडी कॉट, हे सगळे चालतात. बॉक्स बेड, म्हणजे ज्याची पेटीच जमिनीवर टेकलेली असते, किंवा हायड्रॉलिकवाला स्टोरेज बेड, त्याला रायझर लागत नाही आणि लावायचा प्रयत्नही करू नका, त्याचं वजन पूर्ण कडेवर पसरलेलं असतं, ते चार कोपऱ्यांवर आणलं की खालचा प्लाय मधोमध वाकतो. घडीची कॉट, सोफा-कम-बेड, बंक बेड, लहान बाळाची कॉट, यांनाही अजिबात नाही.

मग पायांचा आकार. हल्लीच्या फर्निचरमध्ये बाहेर तिरके जाणारे, खाली निमुळते होणारे पाय फॅशनमध्ये आहेत, दिसतात छान, पण रायझरमध्ये तिरका पाय ठेवला की वजन सरळ खाली न जाता बाजूला ढकलतं आणि रायझर हळूहळू बाहेर सरकत राहतो. तसे पाय असतील तर स्क्रूवाले आहेत का बघा, बऱ्याचदा ते फिरवून निघतात आणि त्याच जागी जास्त उंचीचे सरळ पाय बसवता येतात, सुतार ते करून देतो आणि रायझरपेक्षा ते कधीही मजबूत. पायांना चाकं असतील तर ती आधी काढायची. काही स्वस्त पलंगांना पायच नसतात, दोन्ही टोकांना अख्खी फळी जमिनीपर्यंत आलेली असते, त्याला वाटीसारखे रायझर बसणारच नाहीत, तिथे फळीच्या पूर्ण लांबीचा लाकडी ठोकळा करून घ्यावा लागतो.

पलंग किती घट्ट आहे ते पण आत्ताच तपासा. गादी काढा, पलंगाचा एक कोपरा धरून जोरात हलवा. करकर आवाज येत असेल, साइडची पट्टी हेडबोर्डपाशी सैल झाली असेल, तर आधी ते दुरुस्त करा. जमिनीवर थोडा हलणारा पलंग सहा इंच वर गेला की खूप हलतो. पार्टिकल बोर्डचे पलंग, म्हणजे भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे, यांची विशेष काळजी घ्या, त्यात स्क्रू एकदा ढिला झाला की परत तसा घट्ट बसत नाही. असा पलंग आधीच दोन-तीन घरं फिरून आलेला असेल तर माझं स्पष्ट मत, त्याला उंच करू नका, आहे तसा वापरा.

भाड्याच्या घरातला पलंग मालकाचा असेल तर त्यांना एक मेसेज टाकून ठेवा आणि पायांचे फोटो काढून ठेवा. डिपॉझिटच्या वेळी उगाच बोलाचाली नको.

मापं घ्या, आणि कागदावर लिहा

टेप घेऊन बसा. पहिलं माप पायाच्या जाडीचं. गोल पाय असेल तर व्यास घ्यायचा, चौकोनी असेल तर बाजू आणि तिरकं माप दोन्ही घ्यायची. हे तिरकं माप बहुतेक लोक घेत नाहीत. समजा पाय ३ इंच चौकोनी आहे, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तो सव्वाचार इंच भरतो, आणि तुम्ही गोल खाचेचा रायझर घेतला ज्याची खाच ४ इंचाची आहे तर तो पाय आत जाणारच नाही, कडेवर टेकून राहील. वरवर बघता बसल्यासारखा वाटेल पण रात्री कोणी कूस बदलली की सटकू शकतो. पायाभोवती दोन-चार मिलिमीटर जागा सुटली तर हरकत नाही, बोटभर सुटायला लागली की खाच मोठी झाली.

दुसरं, पाय किती आहेत ते मोजा. हसू नका, डबल बेडला मधे एक किंवा दोन जास्तीचे आधार असतात आणि गादीखाली वाकून बघितल्याशिवाय ते दिसत नाहीत. कोपऱ्यातले चार पाय वर गेले आणि मधला लोंबकळत राहिला तर पलंगाच्या मधल्या पट्टीवर सगळा भार येतो आणि ती पट्टी काही महिन्यांत वाकते, कधी तुटते. म्हणजे पाच पाय असतील तर पाच रायझर, सहा असतील तर सहा, आणि सगळे एकाच उंचीचे. बाजारात सेट चारचा मिळतो, त्यामुळे दोन सेट घ्या किंवा मधल्या पायाखाली सुताराकडून त्याच उंचीचा ठोकळा करून घ्या.

तिसरं माप जमिनीपासून पलंगाच्या खालच्या पट्टीपर्यंत, आणि चौथं जमिनीपासून गादीच्या वरच्या बाजूपर्यंत. उदाहरणादाखल एक साधा क्वीन साइज पलंग घेऊ, ५ बाय साडेसहा फूट, खाली ७ इंच मोकळी जागा, गादीची वरची बाजू १८ इंचावर. यात खाली सुमारे १९ घनफूट जागा आहे पण ती सपाट, निरुपयोगी. हाच पलंग ६ इंच वर नेला की खाली १३ इंच उंची मिळते आणि जागा होते सुमारे ३५ घनफूट. वाढलेली जागा लिटरमध्ये सांगायची तर साडेचारशे लिटरच्या वर, एका दाराच्या १९० लिटरच्या दोन फ्रीजमध्ये मावणारं सामान ठेवलं तरी उरेल इतकी, आणि खोलीतला फरशीचा एक इंचही जास्त गेला नाही. पायांची आणि मधल्या आधाराची जागा त्यातून वजा होते, ती धरा.

रायझरच्या डब्यावर जी उंची लिहिलेली असते तेवढा पलंग वर जात नाही, हे लक्षात ठेवा. ८ इंची रायझर असेल आणि पाय १ इंच खोल खाचेत बसत असेल तर पलंग ७ इंचच वर जातो. खाचेची खोली विचारा, ऑनलाइन असेल तर फोटोतल्या मापांमध्ये शोधा.

उंची ठरवायची ती गुडघा बघून, बॅग बघून नाही

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. सगळे उलट करतात, मोठी बॅग मोजतात, ती खाली मावेल इतका पलंग वर नेतात आणि मग रोज सकाळी उठताना पाय जमिनीला पुरत नाहीत. पलंगावर काठाला बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि हात न टेकता उठता आलं पाहिजे, ही परीक्षा. त्यासाठी घरातली सगळ्यात बुटकी मोठी व्यक्ती आणि सगळ्यात वयस्कर व्यक्ती, दोघांना खुर्चीवर बसवून गुडघ्याच्या मागच्या वळापासून टाचेपर्यंत मोजा. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप साधारण १५-१६ इंच येतं. गादी बसल्यावर इंच-दोन इंच दबते, ते धरलं तरी वरच्या उदाहरणातली २४ इंचाची गादी तिच्यासाठी उंचच आहे, पाय लोंबतात आणि ती काठावरून घसरत खाली उतरते. तरण्याताठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. सत्तरीतल्या माणसाला रात्री दोनला बाथरूमला उठताना अंधारात पाय अधांतरी असणं म्हणजे पडण्याचं आमंत्रण.

उलटही खरं आहे. खूप खाली असलेला पलंग वयस्कर माणसाला, विशेषतः गुडघे दुखणाऱ्याला फार त्रास देतो, कारण खोल बसल्यावर उठताना सगळा जोर गुडघ्यावर येतो. अशा वेळी २-३ इंचाचा रायझर हा जागेसाठी नाही तर माणसासाठी लावायचा. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर खोल खुर्चीवर, खालच्या पलंगावर बसू नका असं सांगतात, तेव्हाही लोक हेच करतात, किती उंच ते मात्र डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून. आमच्याकडे आई रत्नागिरीहून येऊन राहते त्या खोलीतल्या पलंगाला ३ इंचीच ठेवलेत, तिच्या पलंगाखाली फक्त गोधड्या आणि पातळ बॉक्स जातात आणि तेवढंच बरोबर आहे, मोठ्या बॅगा आमच्या खोलीत.

मग उंची वाढवता येत नाही आणि जागा तर हवीय, त्यावर एक उपाय आहे, गादी बदलताना पातळ घ्या. आठ इंची गादीऐवजी पाच इंची घेतली तर गादीची वरची बाजू तिथेच राहते आणि पलंग खालून तीन इंच वर नेता येतो. गादी चांगली टणक असेल तर पाच इंच भरपूर झाले, कापसाच्या गादीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना तर झालेच.

आता पंखा. आपल्या घरात डोक्यावर पंखा असतो आणि बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत याचा कोणी उल्लेख करत नाही. पात्याची जमिनीपासूनची उंची मोजा. ती ८ फूट असेल आणि गादी २४ इंचावर गेली तर गादीवर उभं राहिल्यावर पात्यापर्यंत फक्त ६ फूट राहतात. साडेपाच फुटी माणसाने मच्छरदाणीची दोरी बांधायला किंवा पडदा काढायला हात वर केला की हात थेट पात्यात. पंखा चालू असताना पलंगावर उभं राहायचं नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आणि पलंगावर उड्या मारायच्या वयाची मुलं असतील, बाबांच्या खांद्यावर बसायची सवय असेल, तर रायझर ३ इंचाच्या वर नेऊ नका.

तसंच खिडकीचं. खिडकीचा कट्टा साधारण अडीच-तीन फुटांवर असतो, गादी दोन फुटांवर आली की लहान मूल सहज त्यावर चढतं. खिडकीला ग्रिल नसेल तर पलंग खिडकीपासून लांब घ्या, यात तडजोड नाही. मच्छरदाणी खोचायची असेल तर तिचा घेर पुरतोय का, डोक्याशी असलेला प्लग पॉइंट हेडबोर्डमागे झाकला जातोय का, हेही आत्ताच बघून घ्या, म्हणजे मोबाइलचं चार्जर लावायला रोज पलंग ओढावा लागणार नाही.

कसले रायझर घ्यायचे

प्लास्टिकचे सगळीकडे मिळतात, आकार साधारण उलट्या कुंडीसारखा, खाली रुंद वर अरुंद, आणि तो आकार मुद्दाम तसा असतो, बुड जितकं रुंद तितका रायझर कलंडायला अवघड. हातात घेऊन दाबून बघा, आतून फासळ्या असलेला घ्या, नुसता पोकळ आणि पातळ भिंतीचा नको. लोखंडी रायझर जास्त टिकतात पण खाली रबर नसेल तर टाइल्सवर ओरखडे येतात. आणि लाकडी ठोकळे, जे मला स्वतःला सगळ्यात आवडतात, कारण पायाच्या मापाचे करून मिळतात.

वजनाचं गणित करूया. क्वीन साइज पलंग ६० किलो धरा, गादी ३०, दोन माणसं १४०, म्हणजे २३० किलो, चार पायांत वाटले तर एकावर साठ किलोच्या आत. हे ऐकून वाटतं की कुठलाही रायझर चालेल. पण कोणी दमून येऊन धप्पकन कोपऱ्यावर बसतं तेव्हा त्याचं जवळजवळ सगळं वजन त्या एका पायावर, तेही झटक्याने येतं. म्हणून एका रायझरची क्षमता निदान १५० किलो हवी. डब्यावर मोठा आकडा लिहिलेला असतो तो बहुधा चारही मिळून असतो आणि सरळ वरून येणाऱ्या वजनाचा असतो, बाजूने बसणाऱ्या धक्क्याचा नसतो. धोका खरा बाजूच्या धक्क्याचाच, त्यामुळे मी क्षमतेइतकंच बुडाच्या रुंदीकडे बघतो. ६ इंच उंच रायझरचं बूड निदान तेवढंच रुंद हवं.

एकावर एक चढवून उंची वाढवायचे रायझर मिळतात, ते त्याच कंपनीचे, एकमेकांत अडकणारे असतील तरच वापरा. प्लास्टिकच्या रायझरखाली वीट, विटेवर फळीचा तुकडा, असले प्रकार करू नका. नुसत्या विटा लावायच्याच असतील तर प्रत्येक पायाखाली एकच वीट, आडवी, न फुटलेली, तिच्यावर रबराचा तुकडा, आणि पलंग भिंतीच्या कोपऱ्यात. दोन विटा एकावर एक मी कोणालाच सुचवणार नाही, विटेचे कण झडतात, वरची वीट त्या कणांवर सरकते आणि कधी सरकली ते कळतही नाही.

सुताराकडून करून घ्यायचे असतील तर त्याला असं सांगा: १८ एमएम प्लायचे ६ इंची चौकोन, सात थर फेविकॉल आणि स्क्रूने जोडायचे, म्हणजे साधारण ५ इंच उंची होते, आणि वरच्या थरावर पायाच्या मापाने चारही बाजूंना इंचभर उंच पट्टी मारायची, म्हणजे पाय त्या चौकटीत बसतो. खाली रबर शीट चिकटवायची, बाहेरून पॉलिश किंवा ऑइल पेंट, नाहीतर पावसाळ्यात प्लायचे थर सुटतात. सुताराकडे प्लायचे तुकडे पडलेलेच असतात, त्यामुळे फार खर्चही येत नाही. ओळखीची लाकडाची वखार असेल तर सागवानाचा किंवा बाभळीचा ठोकळा कापून मिळतो, त्याला मग तोडच नाही.

लावायचे कसे

एकट्याने करू नका. दोन माणसं लागतात, क्वीन किंवा किंग असेल तर तीन. दोघं उचलायला आणि एक खाली रायझर सरकवायला, आणि सरकवणाऱ्याने हात पायाच्या थेट खाली न्यायचा नाही, रायझर बाजूने धरून ढकलायचा. चप्पल नको, बूट घाला.

गादी, उशा, फळ्या सगळं काढा, पलंग जितका हलका तितकं बरं. खालची फरशी झाडून पुसून कोरडी करा, रायझरच्या खालीच खडा राहिला तर टाइल फुटते. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर ती समतल नसते, कुठला कोपरा खाली आहे ते आधी बघून ठेवा.

आता उचलताना. सगळ्यात मोठी गडबड होते ती एक बाजू एकदम सहा इंच उचलल्यामुळे. डोक्याकडची बाजू सहा इंच वर गेली की पायाकडचे दोन पाय तिरके होतात, पूर्ण भार त्यांच्या जोडावर येतो आणि पार्टिकल बोर्ड असेल तर स्क्रू उपटून येतो. म्हणून दोन टप्प्यांत करा. आधी डोक्याकडची बाजू तीन इंच उचला, खाली विटा किंवा लाकडाचे तुकडे ठेवा. मग पायाकडची बाजू उचला, तिथे थेट रायझर घाला. मग परत डोक्याकडे या, विटा काढून रायझर. मधला आधार असेल तर त्याचा रायझर सगळ्यात शेवटी. उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका, आणि उचलण्याआधी "एक, दोन, तीन" मोठ्याने म्हणा म्हणजे दोघं एकदमच उचलतात, नाहीतर एक जण आधी उचलतो आणि पलंग मुरगळतो.

सगळे पाय खाचेत पूर्ण खाली टेकलेत का ते खाली आडवं पडून, मोबाइलचा टॉर्च लावून बघा. वरून बघून कळत नाही. एखादा पाय कडेवर अडकलेला असेल तर दिसेल. मग पाण्याची बाटली पलंगाच्या पट्टीवर आडवी ठेवा किंवा मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप वापरा, कल असेल तर ज्या रायझरखाली पोकळी आहे तिथे रबराचा किंवा लाकडाचा पातळ, पूर्ण बुडाएवढा तुकडा घाला. घडी केलेला पुठ्ठा घालू नका, तो दबतो. पाचर एका कडेला ठोकू नका, ती निसटते.

मग पलंग चारही बाजूंनी ढकलून बघा. पलंग हलला तरी चालेल का, नाही, रायझरसकट थोडाही डुलायला नको. टाइल्स गुळगुळीत असतील तर प्रत्येक रायझरखाली रबर लावा, सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे उत्तम चालतात. पलंगाची एक बाजू, जमलं तर दोन बाजू भिंतीला लावा. भिंतीने निम्मं काम होतं. सगळ्यात शेवटी गादी टाका, प्रत्येक कोपऱ्यावर एकदा हळू बसा, मग नेहमीसारखं बसा.

आठवड्याभराने अॅलन की, म्हणजे बोल्ट आवळायची ती षट्कोनी चावी, घेऊन सगळे बोल्ट परत आवळा आणि टॉर्च मारून सगळे पाय बघा. त्यानंतर महिन्यातून एकदा झाडताना नजर टाकली तरी पुरे. झाडायसाठी पलंग ओढायचा नाही, कधीच नाही. हलवायचाच असेल तर आधी रायझर काढायचे.

खाली काय ठेवायचं आणि कसं

१३ इंच उंचीत काय जातं ते सांगतो. केबिन बॅग आडवी ठेवली तर साधारण ८-९ इंच जाड असते, ती जाते. २८ इंची मोठी बॅग १२ इंचाच्या आसपास भरते, काही जातात काही अडतात, आपापली मोजा, हँडल आणि चाकांसकट मोजा. लहान बॅग मोठ्या बॅगेत घाला आणि रिकामी ठेवू नका, त्यात हिवाळ्याची जाड पांघरुणं, स्वेटर, जास्तीच्या चादरी. झाकण असलेले, चाकांचे प्लास्टिकचे बॉक्स सोयीचे, पत्र्याची ट्रंक असेल तर तिच्याइतकं सुरक्षित काही नाही, उंदीर-घुशीचा प्रश्नच नाही, फक्त ओढताना फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून खाली जुनं पायपुसणं घाला.

जे रोज लागतं ते तिथे ठेवू नका. पलंगाखाली जायचं ते वर्षातून चार-पाच वेळा लागणारं सामान, गणपतीचं मखर, दिवाळीचा आकाशकंदील आणि लायटिंगच्या माळा, पाहुण्यांच्या गाद्या, जुनी कागदपत्रं नीट प्लास्टिकमध्ये. उन्हाळ्यात केलेल्या पापड-कुरडयांचे घट्ट झाकणाचे डबे चालतात. वर्षाचा गहू-तांदूळ मात्र नको, त्याला वारा लागतो, अधूनमधून बघावा लागतो, आणि पोरकिडे झाले तर ते गादीपर्यंत येतात.

प्रत्येक बॉक्सवर दर्शनी बाजूला आत काय आहे ते लिहा. दोन रांगा होत असतील तर मागच्या रांगेच्या बॉक्सला एक दोरी बांधून तिचं टोक पुढे आणा, ओढलं की बॉक्स येतो, झाडू घालून कोणाला आडवं पडायला लागत नाही. आणि मधून एक हातभर पट्टा मोकळा सोडा, झाडू आणि पोछा आत गेला पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत तिथे धुळीचे गोळे होतात आणि घरात कोणाला दम्याचा किंवा सर्दीचा त्रास असेल तर त्याला तो लगेच जाणवतो.

बाहेरून दिसायला नको असेल तर चादर जमिनीपर्यंत सोडा, पण एका बाजूने वारा खेळू द्या.

पावसाळ्याचं वेगळं बघा

मुंबई, कोकण, गोव्याकडे जून ते सप्टेंबर पलंगाखाली दमट होतं, बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर जास्तच. बॉक्स भिंतीपासून निदान चार बोटं लांब ठेवा. कपडे अगदी कोरडे करूनच भरा, इस्त्रीची ऊब गेल्यावर. रेशमी साड्या मलमलीच्या कापडात गुंडाळा, डांबरगोळ्या साडीला आणि जरीला चिकटून ठेवू नका, आणि घरात रांगणारं बाळ असेल तर पलंगाखाली डांबरगोळ्या मुळीच नको, वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवा. पाऊस उघडला, कडक ऊन पडलं की सगळं बाहेर काढून वाळवा.

ढेकणांची तक्रार असलेल्या इमारतीत पोकळ रायझर उलटे करून आतून बघत जा, त्यांना लपायला असलीच जागा आवडते. तळमजल्यावर वाळवी असेल तर लाकडी ठोकळ्यांऐवजी प्लास्टिकचे किंवा लोखंडी घ्या.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना रायझरचा आणखी एक फायदा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसल्या पुरात सहा इंचाने काही होत नाही. पण दर पावसाळ्यात सखल भागात घोट्याएवढं पाणी घरात शिरतं, तिथे प्लायच्या पलंगाचे पाय पाण्यात न राहता वाचतात, कारण प्लाय आणि पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की मूळ आकारात येत नाही. अशा घरात खालच्या बॉक्समध्ये कागदपत्रं आणि कपडे ठेवू नका, भांडी, प्लास्टिकच्या वस्तू, धुऊन परत वापरता येईल असंच सामान ठेवा, आणि जूनच्या आधी एक्स्टेंशन बोर्ड पलंगाखालून काढून वर भिंतीला लावून टाका.